आईची मूठ उघडत नाही, बोटॉक्स घ्यावं का? (मदत हवी आहे)

सई_मिरज
आईची मूठ घट्ट मिटलेली असते. अंघोळीच्या वेळी एकेक बोट सोडवावं लागतं, आत घाम साचून वास येतो. काल तळव्यात नखं रुतून कातडी सोलवटलेली दिसली. चार दिवसांपासून फारच वाढलंय, कोपर तर छातीशीच. डॉक्टरांनी बोटॉक्स, म्हणजे ताठ स्नायू सैल करायचं इंजेक्शन, सांगितलंय. खर्च मोठा आहे. भाऊ म्हणतो आधी मालिश करू. शुक्रवारपर्यंत कळवायचंय, कृपया लवकर सांगा.

मंदार७२
ताई, झालंय काय आईंना? अर्धांगवायू? कधी, कोणती बाजू, गोळ्या कोणत्या?

सई_मिरज
हो, अर्धांगवायूच, लिहायचं राहिलं. आठ महिने झाले. उजवी बाजू, बोलणंही फारसं येत नाही. कागदावर 'एमएएस ३' लिहिलंय.

नाना_ठाणे
माझ्या थोरल्या भावाला महानारायण तेलाने उतार पडला. रोज सकाळी अर्धा तास रगडून मालिश, वर गरम पाण्याचा शेक. हातात स्पंजचा बॉल द्या, दिवसभर दाबू दे. सुया टोचून घेऊ नका.

अदिती_फिजिओ
नाना, हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण सोलवटलेल्या जागी तेल नको. रगडणं आणि शेक तर नकोच, त्या बाजूची संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळतही नाही. बॉलही नको, मिटणारे स्नायू आधीच ओढलेले आहेत.

सई, एमएएस म्हणजे मॉडिफाइड अ‍ॅशवर्थ स्केल. ०, १, १+, २, ३, ४ अशा पायऱ्या असतात. ३ म्हणजे दुसऱ्याने हलवायलाही अवघड. पण हात नसांच्या ताठरपणाने अडतोय की स्नायू आखूड झालाय, हे त्या आकड्यावरून कळत नाही. हात आधी अगदी सावकाश उघडा, मग जरा वेगाने. काय फरक पडतो ते लिहा. बळजबरी करू नका.

नाना_ठाणे
भावाला बॉलनेच फरक पडला, मी डोळ्यांनी पाहिलंय.

अदिती_फिजिओ
त्यांची बोटं स्वतःहून उघडत असतील. इथे तसं नाही.

सुलभा_प
झटका आल्यावर साडेचार तासांच्या आत नेलं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, असं दिसलं की घरी थांबू नका.

मंदार७२
सुलभाताई, खरं आहे, पण इथे आठ महिने होऊन गेलेत. सई, गोळ्यांचं राहिलं. रक्त पातळ करायची चालू आहे का? इंजेक्शनआधी ते सांगावं लागतं.

सई_मिरज
इकोस्प्रिन चालू आहे. ताठरपणा कमी करायची बॅक्लोफेन गोळी १० मिलीग्रॅम दिवसातून तीनदा होती, पण आई दिवसभर झोपूनच असायची, म्हणून मीच बंद केली. गेल्या शनिवारी.
हात करून पाहिला. सावकाश केलं तर मूठ जवळजवळ पूर्ण उघडते, वेगाने केलं की मध्येच अडकते. कोपर मात्र सावकाश केलं तरी सरळ होत नाही.

अदिती_फिजिओ
सई, डॉक्टरांना आत्ताच फोन करा. बॅक्लोफेन एकदम बंद करायची नसते. भ्रम होतो, ताप येतो, फिटही येऊ शकते. चार दिवसांत वाढलेला ताठरपणा बहुतेक त्याचाच. लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठ, कुठलंही दुखणं यानेही वाढतो, आणि आईंना सांगता येत नाही, म्हणून तेही तपासून घ्या.

मूठ सावकाश उघडते, वेगाने अडकते, म्हणजे तिथे मुख्यतः नसांचा ताठरपणा दिसतोय, तिथे बोटॉक्सचा उपयोग होण्यासारखा आहे. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, साधारण तीन महिने टिकतो. त्या काळात स्नायूंना ताण देणं आणि स्प्लिंट (हात उघडा धरून ठेवणारा आधार) चालू ठेवलं तर खर्चाचं चीज होईल. कोपराचा स्नायू बहुधा आखूडही झालाय, एकट्या इंजेक्शनने तो लांबणार नाही.

मूठ सोडवताना आधी मनगट तळव्याच्या बाजूला वाकवा. बोटांचा ताण सैल पडतो. मग अंगठा मुळाशी धरून बाहेर घ्या, टोकाला ओढू नका. काखेत धरून उचलूही नका, खांदा निखळतो.

मंदार७२
दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलंय का? माझ्या वडिलांचं...

सई_मिरज
मंदारदादा, ते नंतर विचारते. डॉक्टरांशी बोलले. ते रागावले. गोळी कमी मात्रेत परत सुरू करायला सांगितली, हळूहळू वाढवतील. लघवीची तपासणी उद्या.
मनगट वाकवून पाहिलं. पहिल्यांदाच आई कण्हली नाही. नखं कापली, तळव्यात मऊ सुती कापडाची गुंडाळी ठेवली आहे. स्प्लिंट तयार मिळतं का, की माप देऊन करून घ्यावं लागतं? मिरज-सांगलीत कोणी करून घेतलंय?