अनुभव धागा: बढती मिळालेला लीड्स युनायटेड, त्याचा संघ आणि त्याचे मालक

डिसेंबर २०२५ मधील लिव्हरपूलविरुद्धच्या ३-३ बरोबरीनंतर मराठी समर्थकांमधील जुना वाद पुन्हा तापला आहे. एप्रिल २०२५ मध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत, परतलेला आपला संघ या पातळीवर टिकण्याइतका सक्षम आहे का आणि मालकांनी त्यासाठी आपले काम चोख केले का, हे दोन प्रश्न प्रत्येक चर्चेत एकत्रच येतात. आपण या क्लबकडे कसे वळलात, बढतीनंतरचे महिने कसे अनुभवलेत आणि मालकांविषयी आपले मत कशाच्या आधारावर बनले, ते सविस्तर लिहावे. इतर क्लबांच्या समर्थकांनाही आग्रहाचे निमंत्रण आहे, कारण हे प्रश्न एकट्या लीड्सचे नाहीत.

बीस्टन, लीड्स

मी रुग्णालयातील नोकरीसाठी या शहरात आलो तेव्हा क्लब तिसऱ्या श्रेणीत खेळत होता, आणि तरीही शनिवारी दुपारी क्लबच्या एलंड रोड या मैदानाकडे जाणारे रस्ते माणसांनी भरून वाहत असत. १९९२ मध्ये इंग्लंडचा विजेता ठरलेला, २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला क्लब इथवर कसा घसरला, हे मी वॉर्डातील वयस्कर रुग्णांकडून ऐकत गेलो. भविष्यात चॅम्पियन्स लीगचे उत्पन्न येतच राहील या गृहीतकावर कर्ज काढून खेळाडू विकत घेतले गेले, ते उत्पन्न आले नाही, २००४ मध्ये पदावनती झाली आणि त्याच वर्षी एलंड रोडचे मैदान व थॉर्प आर्चचे सराव केंद्रही विकावे लागले. २००७ मध्ये क्लब दिवाळखोरीमुळे प्रशासकांच्या ताब्यात गेला, दहा गुण कापले गेले, तिसरी श्रेणी नशिबी आली आणि पुढचा हंगाम उणे पंधरा गुणांवरून सुरू करावा लागला.

ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना मालकाची परीक्षा एका उन्हाळ्यातील खरेदीवरून करणे जमत नाही. मी आधी पाहतो की मैदान कोणाकडे आहे आणि आजच्या पगारांसाठी उद्याचे उत्पन्न गहाण पडले आहे का. तेव्हाचे मालक आंद्रेया रॅड्रिझानी यांनी २०१७ मध्ये मैदान परत विकत घेतले, याबद्दल त्यांच्या अखेरच्या दोन हंगामांतील चुका लक्षात ठेवूनही मी त्यांचा ऋणी आहे. जुलै २०२३ मध्ये फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाची गुंतवणूक कंपनी असलेल्या फोर्टीनाइनर्स एंटरप्रायझेसने संपूर्ण मालकी घेतली तेव्हा एलंड रोडही त्या व्यवहारात आले. मैदानाची क्षमता सुमारे ५३,००० पर्यंत वाढवण्याची योजना आता समोर आहे, आणि माझ्या मते कोणत्याही एका आघाडीपटूपेक्षा ती अधिक मोलाची आहे.

डोंबिवली

बीस्टनच्या सदस्यांचा आदर राखून सांगतो की समर्थक मैदानाच्या सातबाऱ्यावर नव्हे, तर अकरा खेळाडूंवर जीव लावतो. मला लीड्सची ओढ प्रशिक्षक बिएल्सांच्या काळात लागली. २०२० मध्ये सोळा वर्षांनी मिळालेली बढती आणि त्यानंतरचे नववे स्थान यांमुळे मी त्या क्लबशी कायमचा बांधला गेलो. २०२३ ची पदावनती, २०२४ मध्ये वेम्ब्लीवर साउथॅम्प्टनकडून प्लेऑफच्या, म्हणजे बढतीच्या शेवटच्या जागेसाठीच्या, अंतिम सामन्यात ०-१ असा झालेला पराभव आणि त्यानंतर आर्ची ग्रे, समरव्हिल व रुटर या तिघांची विक्री हे सारे एकामागून एक सोसल्यावर २१ एप्रिल २०२५ चा दिवस उजाडला. आपण स्टोकला ६-० असे हरवले, योएल पिरूने चार गोल केले आणि त्याच रात्री बर्नलीने शेफील्ड युनायटेडला नमवल्यामुळे आपली बढती निश्चित झाली. पुढे प्लिमथमध्ये शेवटच्या क्षणांत मॅनर सोलोमनने गोल केला आणि शंभर गुणांसह विजेतेपदही आले. बर्नलीचेही शंभरच गुण होते, पण गोलफरकात ते खूप मागे होते.

माझे दुःख इथून पुढचे आहे. ज्या पिरूने १९ गोल करून आपल्याला वर आणले, तो आता बहुतेक वेळ बाकावर बसतो. सोलोमन टॉटनहॅमकडून लोनवर आला होता, तो परत गेला. फिर्पो करार संपवून गेला आणि बॅमफर्डला निरोप देण्यात आला. त्यांच्या जागी दहा नवे खेळाडू आले, आणि ते निवडताना उंची व ताकद यांना उघड प्राधान्य होते: बियोल, बोर्नाउ, स्टाख, नमेचा. पहिल्या काही आठवड्यांत मला हा संघ परका वाटला. एव्हर्टनविरुद्ध १-० असा विजय मिळाला खरा, पण लगेच आर्सेनलने पाच गोल चढवले, आणि शरद ऋतूत आपण चेंडू आडवाच फिरवत राहिलो.

तरीही प्रशिक्षक फार्के यांना श्रेय न देणे अन्यायाचे होईल. २९ नोव्हेंबरला मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतराला ०-२ असे मागे असताना त्यांनी तीन मध्यवर्ती बचावपटू आणि दोन आघाडीपटू अशी रचना केली. तो सामना आपण अखेरच्या क्षणी २-३ असा हरलो, पण त्या पंचेचाळीस मिनिटांत या संघाला स्वतःचा आकार सापडला. चेल्सीवरचा ३-१ असा विजय आणि लिव्हरपूलविरुद्ध भरपाईच्या वेळेत आओ तनाकाने साधलेली बरोबरी या दोन्हींचे मूळ तिथे आहे. एव्हर्टनमधून विनामूल्य आलेला कॅल्व्हर्ट-लुइन सतत जखमी होणारा खेळाडू म्हणून हिणवला जात होता. आज तोच आपला आधार आहे. चेल्सीचा सामना संपला तेव्हा आमच्याकडे पहाटेचे चार वाजत आले होते, आणि मी उरलेली रात्र न झोपता तोच उत्तरार्ध पुन्हा पाहिला.

हॅरोगेट

मी हिशेबतपासनीस आहे आणि मालकांवरील कंजूषपणाचा आरोप ज्या नियमामुळे अर्धवट ठरतो तो नियम मांडणे मला आवश्यक वाटते. २०२५-२६ च्या हंगामातील नियमानुसार प्रीमियर लीगमधील क्लबला तीन हंगामांत मिळून १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंत तोटा दाखवता येतो, म्हणजे हंगामाला ३ कोटी ५० लाख. परंतु त्या तीनपैकी जो हंगाम चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, गेला असेल त्यासाठी ही मुभा केवळ १ कोटी ३० लाखांची असते. आपले मागचे दोन हंगाम खालच्या श्रेणीत गेले, त्यामुळे आपली एकूण मर्यादा ६ कोटी १० लाख पौंड ठरते. वर्षानुवर्षे वर असलेल्या क्लबशी आपण याच तुटपुंज्या मुभेवर स्पर्धा करतो. त्यात भर म्हणजे बढतीसाठी झगडणारा क्लब उत्पन्नापेक्षा अधिक पगार देतच वर येतो, म्हणून वर पोहोचेपर्यंत ही मुभा बरीचशी खर्चून झालेली असते.

खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत, जास्तीत जास्त पाच वर्षांत, विभागून लिहिली जाते, तर स्वतःच्या अकादमीत घडलेला खेळाडू विकल्यास जवळपास सगळी रक्कम त्याच वर्षी नफा म्हणून दाखवता येते. आर्ची ग्रे का विकला गेला, याचे उत्तर या एका वाक्यात आहे. मला तो व्यवहार अजूनही बोचतो. जो नियम क्लबला आपल्याच अकादमीतील मुलगा विकायला लावतो, तो नियम सदोष आहे, असे माझे ठाम मत आहे.

मालकांना किती खर्चाची मुभा होती, हे एकदा कळले की खरा प्रश्न उरतो तो त्यांनी ती कुठे वापरली याचा. गुडमुंडसन आणि स्टाख यांच्या निवडी मला उत्तम वाटतात. नवा गोलरक्षक पेरी येणेही अटळ होते, कारण मेलिएच्या चुकांमुळे वसंतात त्याच्या जागी डार्लोला उतरवण्याची वेळ आली होती. आक्रमणात कल्पकता आणणारा खेळाडू मात्र आपण घेतला नाही, आणि त्यासाठी कोणताही नियम जबाबदार नाही.

पुणे

मी ब्लॅकबर्न रोव्हर्सचा समर्थक आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने तो क्लब सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला, तेव्हा आमच्या शहरातील फुटबॉलवेड्या मुलांना आकाश ठेंगणे झाले होते. ऑक्टोबर २०११ मध्ये तो संघ बालेवाडीत पुणे एफसीविरुद्ध खेळायला आला. १९९५ चा प्रीमियर लीग विजेता क्लब आपल्या मैदानावर उतरला आहे, ही जाणीव शब्दांत मांडणे मला आजही कठीण जाते. त्यानंतर काही महिन्यांतच, मे २०१२ मध्ये, रोव्हर्स प्रीमियर लीगमधून खाली गेले, आणि २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत पोहोचले.

माझ्या वाट्याला बढतीचा आनंद आला तो २०१८ मध्ये. प्रशिक्षक टोनी मोब्रे यांनी खचलेला संघ उभा केला, जिलिंगहॅममधून आणलेल्या ब्रॅडली डॅकने गोलांची रास घातली आणि डॉन्कास्टरमध्ये चार्ली मलग्रूच्या गोलाने आम्ही एका वर्षात चॅम्पियनशिपमध्ये परतलो. त्या उन्हाळ्यात आमच्यातही हाच वाद रंगला होता. वर आणणाऱ्या खेळाडूंवर विश्वास टाकावा की नवे आणावेत? मोब्रे यांनी गाभा कायम ठेवला, ॲडम आर्मस्ट्राँगला न्यूकॅसलकडून कायमचे घेतले, आणि आम्ही पंधराव्या स्थानावर सुखरूप राहिलो. लीड्सच्या मित्रांना वेम्ब्लीवर रडवणारा साउथॅम्प्टनचा आर्मस्ट्राँग तो हाच.

मालकांविषयी मला जे वाटते ते दोन्ही बाजूंनी सांगितले पाहिजे. वर्षानुवर्षे तोटा भरून काढणारा पैसा पुण्याहूनच गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रोव्हर्सच्या इवूड पार्क मैदानावरील लोकांशी बोलताना मला कळले की त्यांची सल पैशांपेक्षा दुराव्याची आहे. पूर्वीचे मालक जॅक वॉकर त्याच गावचे होते, पोलादाच्या धंद्यात कमावलेले त्यांनी आपल्या क्लबवर उधळले आणि सामन्यांना ते डोळ्यांसमोर असत. आताचे मालक वर्षानुवर्षे मैदानात दिसले नाहीत, आणि त्यांचे म्हणणेही क्वचितच ऐकू आले. लीड्सच्या समर्थकांना माझे सांगणे असे की मालक किती खर्च करतो यापेक्षा तो तुमच्यासमोर उभा राहून उत्तर देतो का, हे आधी पाहा.

सॅन होझे, कॅलिफोर्निया

आमच्या घरापासून फोर्टीनाइनर्सचे सँटा क्लाराचे स्टेडियम जवळ आहे आणि अमेरिकन फुटबॉलमुळे पराग मराठे हे नाव मला लीड्सच्या कितीतरी आधी ठाऊक होते. ते २००१ पासून त्या संघटनेत आहेत आणि खेळाडूंचे करार व पगारमर्यादेची गणिते यांतील जाणकार म्हणून त्यांची ख्याती आहे. लीड्सचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आल्यावर आमच्या मंडळातल्या अनेकांनी आडनावामुळेच लीड्सचे सामने पाहायला सुरुवात केली. मला हा अभिमान समजतो, पण आडनावावरून कारभाराचे मूल्यमापन होऊ नये.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच कारणाने. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये पदावनती नसते. तळाच्या संघाला उलट पुढच्या वर्षी सर्वोत्तम तरुण खेळाडू निवडण्याचा पहिला हक्क मिळतो, त्यामुळे दोन-तीन वाईट वर्षे हा तिथे योजनेचा भाग असू शकतो. इंग्लंडमध्ये एक वाईट वर्ष म्हणजे दरड कोसळणे. २०२३ मध्ये बढती मिळालेले तिन्ही क्लब २०२४ मध्ये खाली गेले, २०२४ चे तिन्ही २०२५ मध्ये गेले आणि त्यांपैकी साउथॅम्प्टनला अवघे बारा गुण मिळवता आले. मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फरक ओळखला आहे का? फार्के यांच्यावर नोव्हेंबरमध्ये टीकेची झोड उठली असताना त्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, यावरून मला वाटते की ओळखला आहे.

मडगाव

थोडक्यात लिहितो. आमच्या चर्चिल ब्रदर्सने २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे भारतीय फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीत, मैदानावर ४० गुण मिळवले आणि एप्रिलमध्ये त्यांना विजेते घोषित केले गेले. जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने विजेतेपद इंटर काशीला दिले आणि त्यासोबत वरच्या लीगची वाटही बंद झाली. आम्ही संघाविषयी, परदेशी खेळाडूंविषयी, आलेमाव कुटुंबाच्या मालकीविषयी तावातावाने बोलत होतो, आणि आमची बढती कागदोपत्री निघून गेली. तुमच्याकडे गुणतक्ता हाच शेवटचा शब्द असतो, याचा मला मनापासून हेवा वाटतो.

हेडिंग्ली, लीड्स

मी इथे पदव्युत्तर शिक्षणासाठी आले आणि इथलीच झाले. हॅरोगेटच्या सदस्यांनी कल्पक खेळाडूच्या उणिवेबद्दल लिहिले, त्यात भर घालते. १ सप्टेंबरला ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, बंद होताना फुलहॅमच्या हॅरी विल्सनचा व्यवहार फिसकटला, तेव्हा माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक समर्थकाने मालकांना दोष दिला. माझा आक्षेप तो व्यवहार मोडल्याचा नसून इतकी महत्त्वाची जागा अखेरच्या दिवसापर्यंत रिकामी ठेवल्याचा आहे, कारण शेवटच्या तासाला विकणारा क्लब मागे फिरला तर दुसरा पर्याय शोधायला वेळच उरत नाही.

मालकीविषयी माझ्या दोन शंका आहेत. २०२४ मध्ये रेड बुल या पेय कंपनीने क्लबमध्ये अल्प हिस्सा घेतला आणि जर्सीवर नाव झळकवले. क्लबचे नाव, चिन्ह व रंग बदलणार नाहीत असा शब्द दिला गेला आहे, आणि याच कंपनीने घेतलेल्या साल्झबर्गच्या क्लबचे जुने रंग पुसले गेले हे ज्यांना माहीत आहे त्यांनी तो शब्द दर हंगामात पुन्हा मागून घेतला पाहिजे. दुसरी शंका ग्लासगोची. मे २०२५ मध्ये फोर्टीनाइनर्सच्या गटाने इतर गुंतवणूकदारांसह तिथल्या रेंजर्स क्लबची बहुसंख्य मालकी घेतली आणि मराठे तिथे उपाध्यक्ष झाले. एकाच माणसाचे लक्ष दोन मोठ्या, सतत पेटलेल्या क्लबांमध्ये वाटले जात असेल, तर त्याचे उत्तर समर्थकांना मिळायला हवे.

डोंबिवलीच्या सदस्यांचे म्हणणे मला पटते की नोव्हेंबरच्या अखेरीस या संघाला आकार सापडला. म्हणूनच जानेवारीत मालकांनी तीन-चार नावे गोळा करू नयेत. कॅल्व्हर्ट-लुइन जखमी झाला तर नव्या रचनेत त्याची जागा घेऊ शकेल असा एक आघाडीपटू आणि बंद बचाव फोडणारा एक मध्यरक्षक, एवढेच त्यांनी आणावे, आणि या वेळी व्यवहार महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावेत.