मदत हवी आहे : 'शाफ्ट' आणि 'कॉफी' पुन्हा पाहण्यासाठी प्लेअर कोणता घ्यावा?

सत्तरच्या दशकातील कृष्णवर्णीय नायक-नायिकांचे अमेरिकी मारधाडपट, विशेषतः दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स यांचा 'शाफ्ट' (१९७१) आणि पॅम ग्रिअर नायिका असलेला 'कॉफी' (१९७३), मला पुन्हा नीट पाहायचे आहेत. माझी 'शाफ्ट'ची जुनी डीव्हीडी पाल (युरोप, भारत आदी ठिकाणची टीव्ही-प्रणाली) पद्धतीची असल्याने सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम धावतात, आणि आयझॅक हेज यांचे ऑस्करविजेते शीर्षकगीत सुमारे ४ टक्के जलद व चढ्या सुरात ऐकू येते. ज्या चित्रपटाचा निम्मा प्राण संगीतात आहे, त्याच्याबाबत हे फार खटकते. ब्ल्यू-रे घ्यावी, तर बऱ्याच डिस्क ठरावीक विभागाच्याच प्लेअरवर चालतात, आणि अमेरिका ए विभागात, ब्रिटन बी विभागात आणि भारत सी विभागात मोडतो. सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर भारतात कोणी वापरत असल्यास त्याचे मॉडेल आणि अनुभव कृपया कळवावा.