शब्दचर्चा: प्रोसेसर बोर्ड म्हणजे मंडळ, फलक की कार्ड?

वेलांटी
एक अडचण घेऊन आले आहे. कार्यालयांत असते त्या टेलिफोन यंत्रणेची, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ईपीएबीएक्सची, पुस्तिका मराठीत करते आहे. वाचणार कोण, तर ती यंत्रणा बसवणारी आणि दुरुस्त करणारी माणसं. प्रोसेसर बोर्डच्या प्रकरणात मी सरळ ‘प्रोसेसर कार्ड’ लिहून पुढे गेले होते. तपासनिसांनी ते सगळीकडे ‘प्रक्रियक मंडळ’ करून पाठवलं. आता मजकूर असा झालाय: ‘मंडळ बसवण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा. मंडळ दोन्ही कडांनी धरावे. मंडळास वाकवू नये.’

हसून झालं, पण पर्याय काय द्यायचा? ‘कार्ड’वर त्यांचा आक्षेप असा की मुळात बोर्ड आहे, कार्ड नाही, आणि इंग्रजीच्या जागी इंग्रजीच घालायचं तर भाषांतर कशाला? जाता जाता, त्याच पानावर ‘वॉचडॉग टायमर’चं ‘रक्षकश्वान कालमापक’ झालंय. त्याचंही बघा.

अवग्रह
मंडळ चूकच आहे, पण ते कुठून आलं असावं ते सांगतो. विज्ञानाच्या जुन्या पुस्तकांत सर्किटला ‘विद्युत मंडल’ म्हणत, ल-चं मंडल. म्हणजे सर्किट बोर्डाचं रीतसर ‘मंडल-फलक’ व्हायला हवं. कुणीतरी फलक गाळला, कुणीतरी ल-चा ळ केला आणि सर्किटाची समिती झाली.

नेमका शब्द ‘फलक’. फळी ही त्याचीच लेक. इंग्रजीतला बोर्डही मुळात लाकडाची फळीच. दोन्ही भाषांनी एकच वाट धरलेली असताना आपण कार्डाच्या मागे का लागायचं?

पाटीपेन्सिल
फलक म्हटलं की मला ‘येथे वाहने उभी करू नयेत’ दिसतं. फलक वाचायचा असतो, खाचेत बसवायचा नसतो.

खटका
मी याच धंद्यात आहे म्हणून बोलतो. आम्ही बोर्डही म्हणतो आणि कार्डही म्हणतो, पण दोन्हींचा अर्थ एक नाही. कपाटात खाचेत सरकवून बसवायचं आणि ओढून काढायचं ते कार्ड. एक्स्टेन्शनचं कार्ड, ट्रंकचं म्हणजे बाहेरच्या लाइनींचं कार्ड, सीपीयू म्हणजे प्रोसेसरचं कार्ड. पेटीच्या तळाशी स्क्रूने आवळलेला असतो तो बोर्ड. लहान यंत्रणेत एकाच मेन बोर्डवर प्रोसेसर, दोनचार बाहेरच्या लाइनी आणि काही एक्स्टेन्शन असा सगळा संसार असतो. त्याला कार्ड कुणी म्हणणार नाही. तेव्हा ताई, आधी चित्र बघा. मागच्या कडेला बॅकप्लेनमध्ये, म्हणजे सगळी कार्डं एकमेकांना जोडणाऱ्या मागच्या बोर्डमध्ये, घुसणारा कनेक्टर आणि पुढच्या कोपऱ्यांत उचकटायचे खटके दिसले तर डोळे मिटून ‘कार्ड’ लिहा.

ते श्वान मात्र कृपा करून काढा. तो टायमर काय करतो? उलटा मोजत बसतो. ठरलेल्या वेळाच्या आत प्रोसेसरने त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करून द्यायची. प्रोग्रॅम कुठे अडकला आणि हे राहून गेलं, की मोजणी शून्यावर येते आणि टायमर सरळ रिसेट मारतो. मग सगळी यंत्रणा नव्याने उठते. भुंकणं नाही, चावणं नाही. हार्डवेअरमध्ये वेगळा का ठेवतात, तर ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच प्रोग्रॅमवर विसंबून चालत नाही.

वेलांटी
खटकाजी, चित्र पाहिलं. कनेक्टरही आहे आणि खटकेही. म्हणजे कार्ड. पण याच कार्डावर आणखी एक छोटा बोर्ड चढवता येतो, दूरच्या देखभालीसाठी मोडेम असलेला. मुळात ‘डॉटर बोर्ड’. तपासनिसांनी काय केलं असेल ते ओळखा.

कानामात्रा
कन्या मंडळ!!

वेलांटी
हो. ‘कन्या मंडळ मुख्य मंडळावर दाबून बसवावे.’

कानामात्रा
मी आजचा दिवस एवढ्यावरच काढणार.

अवग्रह
हसा. पण इंग्रजीत आई-मुलगी चालते आणि मराठीत आली की हसू येतं, हा दोष मराठीचा नाही, आपल्या सवयीचा आहे. ‘दूरध्वनी’ सावरकरांनी दिला तेव्हा त्यालाही लोक हसलेच असणार. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ तर आज कुणाला घडवलेले वाटतही नाहीत. ‘उपफलक’ लिहा. आज टोचेल, उद्या रुळेल.

खटका
दिनांक रुळला कारण तो अर्जाअर्जावर छापून आला. उपफलक कुठे छापणार? कार्डावर तर इंग्रजीतच छापलेलं असतं. सुट्या भागाच्या मागणीत मी ‘उपफलक’ लिहिलं तर भांडारवाला मलाच फोन करून विचारेल. आणि दूरध्वनीचं म्हणाल तर तो निमंत्रणपत्रिकेत असतो. वाजतो तो फोनच.

जुनी तार
वॉचडॉगसाठी आपल्याकडे तयार शब्द आहे आणि कुणी काढत कसा नाही? ‘जागल्या’. रात्री शेताची राखण करायला जागतो तो. त्या कामाला ‘जागल’ म्हणतात, ‘जागलीला जाणे’ असा प्रयोग आहे. ‘जागल्या टायमर’ करा. दोन शब्द, एक आपला, एक त्यांचा, भांडण मिटलं.

पाटीपेन्सिल
जागल्या म्हणजे जागेवर असणारा ना? जागा, जागल, जागल्या. आमच्या आजोबांचं असंच म्हणणं होतं.

अवग्रह
आजोबांचा मान राखून सांगतो, तसं नाही. मूळ धातू जागृ, त्यावरून जागणे आणि जागल. ‘जागा’शी संबंध जोडणं म्हणजे ‘नवरा’चा ‘नऊ’शी लावण्यासारखं.

आणि जुनी तार, शब्द गोड आहे, पण गेला हातचा. वर्तमानपत्रांनी तो व्हिसलब्लोअरला देऊन टाकलाय. आतली भानगड चव्हाट्यावर आणणारा तो जागल्या. ‘कार्डावर जागल्या आहे’ म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल प्रोसेसरने काहीतरी खाल्लंय.

जुनी तार
देऊन टाकलाय म्हणजे काय? शब्द काय सातबारा आहे, एकदा नाव चढलं की संपलं?

कानामात्रा
सातबाऱ्यावरही सहहिस्सेदार असतात.

जुनी तार
तेच तर! उलट वर्तमानपत्रांनीच ओढून ताणून वापरलाय. जागल्या ओरडतो ते चोर आला की. मालकाची बिंगं फोडणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. टायमरचा अर्थ मूळ कामाच्या कितीतरी जवळ आहे.

खटका
जवळ आहे, पण उलटा. जागल्या पिकाची राखण करतो. हा राखणदारावरच पाळत ठेवतो. तरी श्वानापेक्षा बरा, एवढं कबूल.

टायमरवरून आठवलं. ताई, त्या प्रकरणात ‘क्लॉक’ कुठे कुठे आलाय आणि त्याचं काय झालंय ते आधी तपासा. मंडळावर लोक हसतील आणि पुढे जातील. इथे मात्र यंत्रणा बिघडेल.

कार्डावर क्लॉक नावाच्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एक खरंखुरं घड्याळ. तारीख, वेळ, कुणी कुठे किती वेळ बोललं त्याची नोंद, रात्री फोन पहारेकऱ्याकडे वळवायची वेळ, हे सगळं त्याच्यावर. त्याचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा उगाच नाही. तो दोनाचा पंधरावा घात आहे, म्हणून पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक ठोका उरतो. वीज नसताना हे घड्याळ बटन सेलवर चालतं, बहुतेक सीआर २०३२ वर. नावातच माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी.

दुसरा क्लॉक वेळ सांगतच नाही. डिजिटल एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतं, प्रत्येक ८ बिटांचा. म्हणजे एका बोलण्याला ६४ किलोबिट. ई-वन म्हणजे एक्स्चेंजकडून येणारी डिजिटल लाइन, तिच्यात असे ३२ कप्पे, एकूण २,०४८ किलोबिट. हे कप्पे दोन्ही टोकांना एकाच गतीने भरले आणि रिकामे झाले पाहिजेत. म्हणून आपल्या यंत्रणेने समोरच्या एक्स्चेंजकडून येणारा क्लॉक घ्यायचा असतो. नाही घेतला तर अधूनमधून एक चौकट, म्हणजे सगळ्या कप्प्यांचा एक फेरा, गळते किंवा दोनदा येते. बोलताना बारीकसं ‘टक’ होतं, माणूस तिकडे लक्ष देत नाही. फॅक्स मात्र मधेच तुटतो. याला आम्ही स्लिप म्हणतो.

मी पाहिलेली गोष्ट. एका ठिकाणी फॅक्स जात नव्हते. भाषांतरित पुस्तिकेत लिहिलं होतं ‘घड्याळ बाहेरील स्रोताशी जुळवावे’. तिथल्या मुलाने मोबाइलमध्ये बघून यंत्रणेची तारीख-वेळ सेकंदापर्यंत जुळवली होती. फॅक्स पुन्हा तुटला की पुन्हा जुळवायचा. त्याचं काय चुकलं? जे लिहिलं होतं तेच त्याने केलं.

वेलांटी
बाप रे. आत्ता पाहिलं, दोन्हीकडे ‘घटिका’ आहे.

जुनी तार
दुसऱ्याला ‘ठेका’ म्हणा. ‘बाहेरच्या लाइनीचा ठेका धरावा.’

खटका
हा बसतो बरं का! कार्डावरचं पीएलएल, म्हणजे फेज-लॉक्ड लूप नावाचं सर्किट, नेमकं हेच करतं. बाहेरून आलेला ठेका धरून ठेवतं, लाइन तुटली तर आपल्या स्फटिकावर तोच चालू ठेवायचा प्रयत्न करतं.

अवग्रह
ठेका म्हणजे कंत्राटही. ‘ठेका बाहेरून घ्यावा’ असं छापा आणि पुढे काय होतं ते बघा. ‘स्पंद’ घ्या. शास्त्रीय आहे, स्वच्छ आहे, आणि कुणाच्या सातबाऱ्यावर नाही.

जुनी तार
तो कंत्राटवाला ठेका हिंदीच्या वाटेने आलेला. आपल्या ठेक्याला पाय आपोआप हलतो.

पाटीपेन्सिल
खटकाजी, एक विचारू? त्या कार्डावर पांढऱ्या बारक्या दांड्यांची लाल-निळी पेटी असते तो डिप स्विच. तो ‘डिप’ गाडीच्या डिपरवरून का? की दांड्या आत बुडालेल्या असतात म्हणून?

खटका
दोन्ही नाही. ड्युअल इन-लाइन पॅकेज याची आद्याक्षरं. पायांच्या दोन समांतर रांगा असलेली पेटी. पण आमच्यातलेही कितीतरी जण डिपरच समजतात, आणि त्यावाचून कुणाचं काम अडत नाही. एवढंच, दांड्या पेन्सिलीच्या टोकाने हलवू नका, तुमचं नाव बघून सांगतो. ग्राफाइटचा कण आत गेला की तो वीज वाहतो.

कानामात्रा
‘म्युझिक ऑन होल्ड’चं काय झालंय? मला भीती वाटते.

वेलांटी
‘धारणा संगीत’.

कानामात्रा
ध्यानाला बसल्यासारखं वाटतं. ‘ताटकळ-संगीत’ म्हणा, निदान प्रामाणिक आहे. गंमत म्हणजे या कल्पनेचा जन्मही अपघाताचाच. आल्फ्रेड लेव्ही नावाच्या अमेरिकन कारखानदाराच्या इमारतीत एक सुटी तार लोखंडी तुळईला टेकली, इमारतच रेडिओ झाली आणि थांबवून ठेवलेल्यांना गाणी ऐकू यायला लागली, असं सांगतात. त्याला १९६६ मध्ये पेटंट मिळालं.

अवग्रह
प्रतीक्षासंगीत. यावर तरी एकमत व्हावं.

पाटीपेन्सिल
होणार नाही.

वेलांटी
आणखी एकच विचारते, मग तुम्हाला मोकळं करते. ‘पॉवर फेल्युअर ट्रान्सफर रिले’ याचं ‘वीजभंग स्थानांतरण रिले’ केलंय आणि खाली स्पष्टीकरण: ‘वीजभंग झाल्यास रिले कार्यान्वित होऊन लाइनचे स्थानांतरण करतो.’ वीजभंग मी काढणारच आहे. बाकी वाक्य बरोबर आहे का?

खटका
वीजभंग राहिला तरी चालेल, ‘कार्यान्वित होऊन’ काढा. गोष्ट नेमकी उलटी आहे. वीज असते तेव्हा रिलेची गुंडाळी पट्टी ओढून धरते आणि बाहेरची लाइन एक्स्चेंजमध्ये जाते. वीज गेली, बॅटरीही संपली, की पकड सुटते, स्प्रिंग पट्टीला मागे नेते आणि तीच लाइन ठरवून ठेवलेल्या एका साध्या फोनला थेट चिकटते. म्हणजे अडचणीच्या वेळी कुणी काही करायचंच नसतं. करायला वीज कुठे आहे? तपासताना आम्ही पुरवठा बंद करतो आणि कान देतो. ‘खट्’ असा आवाज आला, की तो फोन उचलून टोन बघायचा.

कानामात्रा
वीज गेली कोण म्हणतं? लाइट गेले.

पाटीपेन्सिल
लाइट गेली. एकच जाते.

कानामात्रा
दिवे गेले, म्हणून लाइट गेले. अनेकवचन.

जुनी तार
वीज स्त्रीलिंगी म्हणून लाइट स्त्रीलिंगी. पण ‘लाइट लाव’ म्हणतो तेव्हा तोच लाइट पुल्लिंगी होतो, कारण दिवा. एकाच घरात लाइट जाते आणि लाइट लागतो. परका शब्द आपल्या घरात आला की आपल्या नात्यांनी वागतो, ते असं.

अवग्रह
मग रिलेचं काय? शर्यत असते तेव्हा ती रिले, इथे खटकाजींचा तो रिले.

खटका
‘रिले चिकटला’ असंच म्हणतो. चिकटली म्हणणारेही भेटलेत, ते बहुतेक कॉन्टॅक्ट पट्टीचा विचार करत असावेत.

वेलांटी
मग असं लिहू? ‘वीज गेल्यावर रिले सुटतो आणि बाहेरची लाइन थेट ठरवलेल्या फोनला जोडली जाते.’ ‘गेल्यावर’चं ते पुन्हा ‘खंडित झाल्यास’ करणार, ते मला आत्ताच दिसतंय.

खटका
करू दे. ‘सुटतो’ला हात लावू देऊ नका.

अवग्रह
‘विमुक्त होतो’ चालेल.