जुन्या फास्ट लेन्सच्या ‘सॉफ्ट’ फोटोला मराठीत काय म्हणता?

जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या (वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायच्या) फास्ट, म्हणजे खूप उजेड आत घेणाऱ्या लेन्सेसवर मराठीत लिहायला घेतलंय आणि एका शब्दाशी अडलोय. कॅननची ५० एमएम एफ ०.९५ (१९६१) किंवा लाइट्झची (लायका कॅमेरेवाली कंपनी) समारिट ५० एमएम एफ १.५ (१९४९), अपर्चर (उजेड आत येण्याचं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) पूर्ण उघडं ठेवलं की यांच्यातून जो फोटो येतो त्याला सगळेच सॉफ्ट म्हणतात. अंधुक, पुसट, धूसर, मऊ, सगळे लावून बघितले. पण अंधुक म्हटलं की फोकस हुकलाय असं वाटतं, आणि इथे तर पापणीचा केस न् केस दिसत असतो, फक्त त्याच्यावर काहीतरी पसरलेलं असतं. तुम्ही काय वापरता?

---

तलम! माझं मत तलमला.

---

तलम ऐकायला छान आहे पण तो पोत झाला, फोटोत नेमकं काय झालंय ते त्यातून कळत नाही. आणि माझ्या मते इथे एक शब्द पुरणारच नाही, कारण सॉफ्ट या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालल्यात.

पहिली म्हणजे स्फेरिकल अ‍ॅबरेशन. काचेच्या कडेकडून येणारे किरण मधल्या किरणांच्याच जागी येऊन मिळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक उजळ ठिपक्याचा मधला भाग रेखीव राहतो आणि भोवती फिकट उजेड पसरतो. याला आपल्याकडे शब्द आहे की, खळं! चंद्राला पडतं तेच. अपर्चर एफ ४ पर्यंत बारीक करा, कडेचे किरण अडतात आणि खळं जातं.

दुसरी म्हणजे फ्लेअर, सगळ्या फोटोवर सारखा पसरणारा भटका उजेड. कोटिंग (उजेड परत फेकणं कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के उजेड परत फेकतो. समारिटच्या आधीची लाइट्झची झेनॉन (१९३६) घ्या, ७ काचा ५ गटांत (एकमेकींना चिकटवलेल्या काचांचा एकच गट), म्हणजे हवेला लागून १० पृष्ठभाग, हिशेब केला तर जवळजवळ एक तृतीयांश उजेड सरळ पुढे जातच नाही आणि त्यातला काही आतल्या आत आपटत फिल्मवर कुठेही पडतो. काळा रंग राखाडी होतो, फोटोला उठाव राहत नाही. याला मी मळभ म्हणेन. लेन्स डिझाइन करणाऱ्या बेर्टेलेने झाइस कंपनीच्या १९३२च्या सोनार लेन्समध्ये काचा एकमेकींना चिकटवून तीनच गट ठेवले, पृष्ठभाग सहाच, म्हणून कोटिंग नसतानाही तिचा काळा काळाच राहायचा. कोटिंग आलं ते नंतर, झाइसमध्येच स्माकुला या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये काढलं.

---

मळभ एकदम पटलं. पण खळं म्हटलं की आमच्याकडे आधी धान्य मळायची जागा डोळ्यासमोर येते, तिथे गोंधळ नाही का होणार?

---

नाही होणार, संदर्भाने कळतं. आणि गंमत बघा, इंग्रजीतला हेलो मूळचा ग्रीक, आणि ग्रीकमध्येही त्या शब्दाचा अर्थ धान्य मळायची गोल जागा असाच आहे, तिथूनच तो सूर्यचंद्राच्या कड्याला लागला. म्हणजे दोन्हीकडच्या लोकांना तेच सुचलं. मी तर म्हणतो बिनधास्त वापरा.

---

मळभाबद्दल एक महत्त्वाचं. हातातल्या जुन्या लेन्सचा सगळा दोष डिझाइनवर ढकलू नका. अपर्चरच्या पात्यांना लागलेल्या वंगणाची वाफ वर्षानुवर्षं आतल्या काचांवर बसते, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत बुरशी धरते ती वेगळीच. मागून टॉर्च मारून बघा, काच दुधट दिसली तर आधी साफ करून घ्या आणि मग लेन्सच्या स्वभावाबद्दल लिहा. एवढं लिहितोय कारण ‘व्हिंटेज ग्लो’ म्हणून निव्वळ हेझ (तोच दुधट थर) धरलेल्या लेन्स चढ्या भावाने विकल्या जातात आणि नवीन पोरं फसतात.

---

आणि मऊ हा शब्द थंबार या लेन्ससाठी राखून ठेवा. लाइट्झची ९० एमएम एफ २.२, १९३५ ची. तिच्यात ते स्फेरिकल अ‍ॅबरेशन मुद्दाम ठेवलंय, वर पुढे लावायला मधोमध गोल ठिपका असलेला फिल्टर, म्हणजे मधले रेखीव किरण अडतात आणि कडेचेच जास्त येतात. तिथे मऊपणा हवा म्हणूनच आणलाय. समारिट किंवा कॅननवाल्यांना तो नको होता, त्यांना कमी उजेडात फोटो निघायला हवा होता.

‘वेगवान भिंग’ मात्र कृपा करून लिहू नका, फास्ट लेन्सच राहू दे, सगळ्यांना कळतं.

---

मग मसुदा असा करतोय: ‘एफ १.५ ला उजळ कडांना खळं पडतं, समोरून उजेड आला की फोटोवर मळभ येतं, उठाव कमी होतो, तपशील मात्र शाबूत.’ खळं ‘पडतं’ की ‘धरतं’, तुमच्याकडे काय म्हणतात तेवढं सांगा.