मदत हवी आहे: थंडीत कोंबड्या मरतायत, कुठला हिटर घेऊ?

द्राक्षवाला_निफाड
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. आमच्याकडं थंडीनं कहर केलाय, पहाटे पारा ५ च्या आसपास येतोय आणि घरामागच्या खुराड्यात कोंबड्या मरायला लागल्यात. काल सकाळी पण मेलेल्या सापडल्या, परवा पण. बाकीच्या अंग फुगवून बसतात, घशातून घर्रघर्र आवाज येतो. अंडी तर दिवाळीपासून बंदच म्हणा. माझ्याकडून सगळं करून झालंय, चारी बाजूंनी पॅक केलंय, बल्ब लावलाय, रात्रभर चालू असतो, तरी तेच. आता ऑनलाईन हिटर बघतोय. रूम हिटर चालेल का गॅसचा ब्रूडर (पिल्लांना ऊब द्यायचं यंत्र) घेऊ का सरळ कोळशाची शेगडी ठेवू? जाणकारांनी लवकर सांगा, आज रात्रीच्या आत काहीतरी करायचंय. आणि काळजी घ्या टाईप उत्तरं नकोत प्लीज.

मंगलाताई_सिन्नर
भाऊ, किती कोंबड्या, केवढ्या, कुठल्या जातीच्या? गावरान का गिरिराज? मेल्या त्या मोठ्या का पिल्लं? खाली जमीन कशाची? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

रानपाखरू
कोळशाची शेगडी अजिबात ठेवू नका!!! बंद जागेत कोळशाच्या धुरानं माणसं मरतात, कोंबडीचं काय घेऊन बसलात. धूर दिसत नसला तरी तो गॅस असतोच.

काका_कुक्कुट
हिटरबिटर काही नको, सोपा उपाय सांगतो. बाजरी चालू करा. बाजरी गरम असते. पाण्यात लसूण ठेचून, चिमूटभर हळद आणि गुळाचा खडा. आमच्या आईनं आयुष्यभर हेच केलं, एक कोंबडी थंडीनं गेली नाही. हल्लीच्या पोरांना लगेच मशीन पाहिजे.

द्राक्षवाला_निफाड
@मंगलाताई कोंबड्या म्हणजे आपल्या नेहमीच्याच, गावरान आहेत सात-आठ आणि बाजारातून गिरिराज आणलेत. विकणारा म्हणाला महिन्याचे आहेत. सगळे एकत्रच असतात. जमीन कोबा आहे, वर तूस टाकलंय.
@काका बाजरी चालूच आहे.

मंगलाताई_सिन्नर
आणि मेलं कोण?

द्राक्षवाला_निफाड
गिरिराजच जास्त. एक गावरान पण गेली. त्यानं काय फरक पडतो, थंडी सगळ्यांनाच आहे ना.

मंगलाताई_सिन्नर
लई फरक पडतो! फोटो टाका पिल्लांचा. आणि मेलेली कुठं सापडली, मधे का कोपऱ्यात? चपटी झाल्यासारखी होती का?

मिनेसोटाकर
इथे हिवाळ्यात उणे २५ पर्यंत जातं आणि माझ्या खुराड्यात हिटर नाही, बल्ब नाही, काही नाही. कोंबडीच्या अंगाचं तापमानच ४१ च्या आसपास असतं आणि पिसांची रजई अंगावरच असते. तिला दोनच गोष्टी लागतात, कोरडी जागा आणि अंगावर वारं न येणं. ५ डिग्री म्हणजे माझ्या कोंबड्यांसाठी पिकनिक. हिटर विसरा.

मंगलाताई_सिन्नर
@मिनेसोटाकर दादा तुमच्या कोंबड्यांना सप्टेंबरपासून हळूहळू थंडीची सवय होते. आमच्याकडं दुपारी २८ आणि पहाटे ५. एकाच दिवसात. आणि तुमच्या त्या जाड पिसांच्या जाती, आमची गावरान बघितलीत का, मान उघडी पडलेली असते काहींची. पिल्लांचं तर सोडूनच द्या.

मिनेसोटाकर
मोठ्या कोंबडीबद्दल बोललो मी, पिल्लांबद्दल नाही. आणि जातीचा मुद्दा मान्य आहे, इथे लोक वायनडॉटसारख्या छोट्या चपट्या तुऱ्याच्या जाती घेतात कारण उंच तुरा गोठून काळा पडतो. निफाडला तुरा गोठणार नाही एवढं खात्रीनं सांगतो. पण खुराडं हवाबंद केलं तर थंडीपेक्षा ते जास्त मारतं, आणि धागाकर्ते म्हणतायत चारी बाजूंनी पॅक. कशानं पॅक?

अंडाकरी
विषय निघालाच आहे तर, निफाडकडं गावरान अंडं सध्या कितीला मिळतं? आमच्या पुण्यात गावरान म्हणून रंगीत छिलक्याची फार्मची अंडी गळ्यात मारतात. आणि म्हातारी कोंबडी असेल तर रस्सा चुलीवरच करा, कुकरला चव नाही.

डॉ_पशुधन
मी पशुवैद्यक आहे, शासकीय सेवेत होतो. धागाकर्त्याला काही विचारतो, उत्तरं द्या. १) सकाळी आत शिरल्यावर डोळे चुरचुरतात का? २) प्लास्टिकला आतून पाण्याचे थेंब असतात का? ३) तोंड किंवा डोळ्याभोवती सूज? ४) विष्ठा हिरवी? मान वाकडी? ५) लासोटा, म्हणजे मानमोडीची (राणीखेत) लस, दिली होती का?

द्राक्षवाला_निफाड
पॅक म्हणजे बागेचं जुनं प्लास्टिक होतं ते जाळीला खालपासून वर पत्र्यापर्यंत मारलंय, पट्ट्या ठोकून, एक फट ठेवली नाही. थेंब असतात, पण ते दवाचे असणार, आमच्याकडं दव पडतंच. वास येतो थोडा, कोंबड्यांचा वास येणारच. सूज नाही, मान वाकडी नाही, विष्ठा नेहमीसारखी. लस विकणाऱ्यानं दिलीय म्हणाला. फोटो टाकलाय बघा. मेलेली कोपऱ्यातच होती, हो, चपटीच.
आता हिटर सांगता का?

मंगलाताई_सिन्नर
फोटो बघितला. कसले महिन्याचे हो, मानेवर अजून कापूस आहे! तीन आठवड्यांच्या वर नसतील. फसवलंय तुम्हाला. पुढं ऐका नीट.
ही पिल्लं थंडीनं गारठून मेलेली नाहीत, म्हणजे थंडीमुळंच, पण वेगळ्या पद्धतीनं. ऊब मिळत नाही म्हणून सगळी कोपऱ्यात जाऊन एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून सकाळी कोपऱ्यात चपटी सापडतात. आमच्या बचत गटाच्या पहिल्या लॉटला हेच झालं होतं सगळ्या बायांकडं.
पिल्लं आजच्या आज वेगळी काढा. पुठ्ठा किंवा पत्रा गोल वाकवून रिंगण करा, कोपराच ठेवायचा नाही. वर बल्ब लटकवा. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर ऊब कमी, लांब पळून चोच उघडून बसली तर जास्त, सगळी एकाच बाजूला गेली तर दुसऱ्या बाजूनं वारं येतंय, आणि इकडंतिकडं पसरून झोपली की बरोबर. त्याप्रमाणं बल्ब खालीवर करायचा. थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात.

द्राक्षवाला_निफाड
बल्ब आहेच की आत, रात्रभर चालू असतो म्हटलं ना वर.

रानपाखरू
किती वॅटचा?

द्राक्षवाला_निफाड
९.

रानपाखरू
९?? एलईडी आहे का तो?

द्राक्षवाला_निफाड
हो मग, आता कोण जुना बल्ब वापरतो. लख्ख उजेड पडतो.

रानपाखरू
दादा 🙏 एलईडीनं उजेड पडतो, ऊब नाही. पिवळा तारेचा बल्ब पाहिजे, १०० चा, नाहीतर लाल इन्फ्रारेड मिळतो पोल्ट्रीच्या दुकानात. ढोबळ हिशोब थंडीत पिल्लामागं २ वॅट. दोन बल्ब लावा, एक उडाला तर दुसरा राहतो. वायर पिल्लांपासून लांब आणि साखळीनं पक्का बांधा, तुसात पडला तर आग लागते.

काका_कुक्कुट
आमच्या काळी बल्ब नव्हता, खुडुक कोंबडी होती. पंखाखाली दहाबारा पिल्लं घेऊन बसायची, ना बिल ना लोडशेडिंग. तुमच्या गावरानीतली एखादी खुडुक असेल तर तिच्याखाली रात्री गुपचूप सरकवा.

मंगलाताई_सिन्नर
काका तीन आठवड्यांची परकी पिल्लं कोणी खुडुक घेत नाही, टोचून मारेल. एकदोन दिवसांची असती तर गोष्ट वेगळी.

काका_कुक्कुट
घेते. आमची घ्यायची.

मंगलाताई_सिन्नर
बरं.

शेतीतून_श्रीमंती
धागाकर्ते, गिरिराज सोडा, कडकनाथ करा. झाबुव्याची जात, जीआय टॅग आहे २०१८ पासून, काळं मांस, भाव चारपट. थंडीला काटक. माझ्याकडं पिल्लं बुकिंग चालू आहे, व्यनि करा.

रानपाखरू
कडकनाथच्या नावानं आपल्याकडं किती जणांचे पैसे बुडाले ते विसरलात का? माणूस इथं रात्र कशी काढू विचारतोय आणि तुम्ही बुकिंग घेताय.

संपादक_मंडळ
जाहिरात काढत आहोत. विषयाला धरून बोला.

डॉ_पशुधन
मोठ्या कोंबड्यांचं आता. थेंब दवाचे नाहीत. कोंबड्यांच्या श्वासाची वाफ आणि विष्ठेतलं पाणी बाहेर जायला वाट नाही म्हणून ते प्लास्टिकला जमतं आणि परत तुसावर टपकतं. ओल्या तुसातून अमोनिया निघतो. तुम्हाला जो थोडा वास येतो तो तोच. कोंबडी रात्रभर जमिनीलगत तोच ओढते, श्वासनलिकेचं आतलं अस्तर खराब होतं, आणि मग सीआरडीसारखे श्वसनाचे जुनाट आजार चिकटतात. घर्रघर्र बहुधा त्याचीच सुरुवात. वरून सर्दी वाटते, आणि माणूस आणखी पॅक करतो.
पत्र्याखालची वरची एक फूट पट्टी चारी बाजूंनी मोकळी करा. गरम दमट हवा वरून जाते. खाली, कोंबडी बसते त्या उंचीपर्यंत, बंदच ठेवा. दिवसा सगळं गुंडाळून वर घ्या, ऊन आत येऊ द्या. प्लास्टिकऐवजी गोणपाट बरं, हवा घेतं.
तूस मुठीत दाबून बघा. गोळा झाला आणि सुटला नाही तर ओलं. काढून टाका, नवीन ३-४ इंच घाला, थोडा चुना मिसळून रोज खालीवर करा. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे सांडत नाही.

द्राक्षवाला_निफाड
म्हणजे एवढ्या थंडीत मी उघडं करू? डॉक्टर तुम्ही निफाडला आलात का कधी जानेवारीत? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचे आकडे बघा पेपरात, राज्यात बऱ्याचदा सगळ्यात कमी आमचं असतं. आम्ही द्राक्षाला रात्री बागेत शेकोट्या पेटवतो आणि कोंबडीला वारं सोडू?

मिनेसोटाकर
उघडं करू नका म्हणतायत ते, वरून वाट द्या म्हणतायत. डोक्यावरून हवा गेली पाहिजे, अंगावरून नाही. माझ्या इथे पण छताजवळच्या खिडक्या बर्फात उघड्या असतात. आणि बसायला दांडी कसली आहे? गोल पाईप असेल तर काढा. चार इंच रुंद लाकडी फळी आडवी ठेवा म्हणजे कोंबडी बोटांवर पोट टेकवून बसते. लोखंडी पाईप रात्री अंगातली ऊब ओढून घेतो.

नाशिकचा_बापू
द्राक्षाच्या शेकोट्यांचा धूर खुराड्याकडं येतो का? वाऱ्याची दिशा बघा. आमच्याकडं गेल्या वर्षी तीच भानगड होती. आणि त्या जुन्या प्लास्टिकपेक्षा क्रॉप कव्हर (पिकावर झाकतात ते पातळ कापड) असेल तर ते मारा, हवा पास होते आणि दव अडतं.

काका_कुक्कुट
मुद्दा कोणी बोललंच नाही, संध्याकाळचं खाणं. कोंबडी झोपायच्या आधी पोटभर दाणा पाहिजे. रात्रभर पचतो आणि आतून ऊब देतो. बाजरी.

डॉ_पशुधन
काकांचं हे मात्र बरोबर आहे. फक्त बाजरीच कशाला, मका भरडा पण तेच काम करतो आणि थंडीत खाणं वाढतंच. पण नुसत्या दाण्यावर ठेवू नका, प्रोटीन कमी पडतं. पाणी पहाटे गार असतं म्हणून कोंबड्या पीत नाहीत, सकाळी कोमट द्या.

काका_कुक्कुट
बाजरी गरम असते. मका नाही.

सह्याद्री_पोल्ट्री
घर्रघर्र असेल तर सरळ अँटिबायोटिक पाण्यात टाका पाच दिवस, मेडिकलला मिळतं. मी तर थंडी सुरू झाली की आधीच देतो.

डॉ_पशुधन
कृपया असं सांगू नका. मानमोडी असेल तर त्यावर अँटिबायोटिकचा उपयोगच नाही, विषाणू आहे तो. आणि ती अंडी घरात लेकरं खातात, औषध चालू असताना आणि बंद केल्यावरही काही दिवस खाऊ नयेत हे दुकानदार सांगत नाही. धागाकर्ते, पुढची कोंबडी मेली तर पुरू नका, दोन पिशव्यांत घालून तालुक्याच्या दवाखान्यात न्या, शवविच्छेदन करून घ्या. हातमोजे घाला. जायला जमत नसेल तर १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाईन नंबरला फोन लावा. एकदम जास्त मरायला लागल्या तर तर थांबूच नका, २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून हे सगळ्यांना माहीत पाहिजे. सध्या तसं वाटत नाही पण कळवायचं.

अंडाकरी
बर्ड फ्लू असला तर अंडं नीट उकडून खाल्लं तर चालतं ना?

डॉ_पशुधन
नीट शिजवलेलं चालतं. पण तो धाग्याचा विषय नाही.

द्राक्षवाला_निफाड
अपडेट. काल वरची पट्टी कापली. बायको म्हणाली आधीच सांगत होते आत गुदमरायला होतं म्हणून, असो. पिल्लांना कुलरचा जुना पत्रा वाकवून रिंगण केलं, पिवळे बल्ब निफाडात मिळेनात, पिंपळगावहून आणले. लाईट पहाटे गेली तेव्हा रिंगणावर गोधडी टाकली अर्धी. आज कोणी मेलं नाही. आवाज अजून आहे दोघींना, त्यांना उद्या घेऊन जातो.
पण अंडी? ऊब दिली तरी अंडी नाहीतच.

मंगलाताई_सिन्नर
आता एका दिवसात कुठून येतील 😄 अंडी थंडीमुळं बंद नाहीत. दिवस लहान झालाय म्हणून. कोंबडीला १४-१६ तास उजेड लागतो अंड्याला, आपल्याकडं आता जेमतेम ११ तास आहे. शिवाय पिसं गळत असतील तर त्या काळात देत नाहीत.

रानपाखरू
आणि तुमचा तो ९ चा एलईडी फेकू नका, इथं तोच कामाचा. मोठ्यांच्या खुराड्यात लावा, पण रात्रभर नको, त्यांना झोप पाहिजे. पहाटे चारला चालू, उजाडलं की बंद.

सह्याद्री_पोल्ट्री
संध्याकाळी का नाही? आमच्याकडं संध्याकाळीच लावतात.

रानपाखरू
संध्याकाळी एकदम बंद झाला की कोंबड्या खालीच राहतात, अंधारात फळीवर चढता येत नाही. मोठ्या पोल्ट्रीत पिंजऱ्यात असतात म्हणून त्यांना फरक पडत नाही.

काका_कुक्कुट
निसर्गानं सुट्टी दिलीय तिला, घेऊ द्या. संक्रांतीनंतर दिवस वाढला की आपोआप सुरू होतात. बारा महिने अंडी मागितली की कोंबडी लवकर म्हातारी होते.

द्राक्षवाला_निफाड
काका संक्रांतीपर्यंत पोरं थांबत नाहीत हो. पहाटे चारला उठून बटण कोण दाबणार पण? टायमर असतो का असला काही? आणि तो आमच्या सिंगल फेजवर चालतो का?

नाशिकचा_बापू
गिझरला लावतात तो प्लगचा टायमर घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. पण काट्याचा घेतला तर लाईट गेली की त्याचं घड्याळ पण थांबतं, मग चारचा बल्ब सातला लागतो. आतमध्ये बॅटरीवाला डिजिटल असतो तो बघून घ्या.

द्राक्षवाला_निफाड
बघतो उद्या दवाखान्यातून येताना.