मदत हवी आहे: ऑनलाइन एमबीएमधला कॅम्पस आठवडा कधी करावा आणि तयारी काय करावी?

सर्वांना नमस्कार. नोकरी सांभाळून मी ऑनलाइन एमबीए करत आहे. अभ्यासक्रमातला प्रत्यक्ष कॅम्पस आठवडा पहिल्या वर्षी करावा की शेवटच्या, हे विद्यार्थ्यावर सोपवलेले असून माझे घोडे तिथेच अडले आहे. लवकर गेल्यास पुढच्या गटकामासाठी ओळखी होतील. उशिरा गेल्यास वित्त आणि पुरवठा साखळी हे विषय शिकून झालेले असल्यामुळे चर्चेत ठामपणे बोलता येईल. माझा कल लवकर जाण्याकडे आहे, कारण ज्यांना केवळ स्क्रीनवर पाहिले आहे, त्यांच्याशी मतभेद झाले की ते मिटवणे फार जड जाते.

वेळापत्रकात केस (एखाद्या कंपनीपुढच्या प्रश्नाचा लेखी वृत्तांत) वाचून करायच्या चर्चेखेरीज अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जन्मलेला ‘बिअर गेम’ हा पुरवठा साखळीचा खेळही आहे. त्यात किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना यांनी एकमेकांशी न बोलता दर फेरीला मागणी नोंदवायची असते, आणि ग्राहकाच्या मागणीतला लहानसा बदल कारखान्यापर्यंत पोहोचेतो फुगत जातो. (हे आधीच वाचून बसल्यामुळे खेळातली निम्मी गंमत गेली असावी!)

असा आठवडा पूर्ण केलेल्यांनी कृपया सांगावे, की केस एकट्याने वाचून जाणे पुरेसे ठरते की गटाने आधी ऑनलाइन भेटून चर्चा करावी? वर्गातल्या सहभागाला गुण असतील, तर मितभाषी माणसाने काय करावे? आणि संध्याकाळी कार्यालयाचे काम उरकणे जमते, की सरळ पूर्ण रजाच टाकावी?