विद्यापीठाची जुनी प्रशासकीय इमारत: सोलर आधी की दुरुस्ती?

स्थावर_विभाग
इमारत १९७४ ची, आरसीसी, तळमजला अधिक दोन. विदर्भातला उन्हाळा. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जाड थर), पश्चिमेला लोखंडी खिडक्या, चाळीसेक स्प्लिट एसी, सगळे आर-२२ या जुन्या गॅसचे. कार्बन उत्सर्जन कमी करायचं आहे. सोलरचं कोटेशन हातात आहे. आधी तेच लावावं का? काही जण पाडून नवीन बांधा म्हणतात.

कोबा_ते_कळस
सोलर शेवटी. आधी स्ट्रक्चरल ऑडिट. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा कठीणपणा) आणि यूपीव्ही (ध्वनिलहरींनी आतली तपासणी) यांवर थांबू नका. काँक्रीट ताजं फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन मारा; सळईला गंजापासून जपणारी अल्कता शिल्लक असेल तिथे ते गुलाबी होतं. गुलाबी न होणारा थर सळईपर्यंत पोचला असेल तर गंज सुरू होणार, आणि त्यावर पॅनेल चढवणं चूकच. सांगाडा धड असेल तर कृपा करून पाडू नका. नव्या इमारतीचं सिमेंट आणि स्टील जे उत्सर्जन करेल, ते वीजबचतीतून फेडायला वर्षानुवर्षं जातील.

मग गच्ची. चार इंची कोबा चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतो. तो काढला की स्लॅब हलका होतो. त्याजागी खालून वर असे थर द्या: उताराचा थर, वॉटरप्रूफिंग मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पडदा), ७५ मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणारा फोमचा बोर्ड), जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), वर चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सची फरशी). थर्माकोल वापरू नका, पाणी पितो. एक्सपीएस उघडा ठेवला तर उन्हाने भुगा होतो. नेहमी फसतं ते पन्हाळीपाशी: कोबा निघाला तरी स्पाउट (पाणी बाहेर सोडणारी तोंडं) जुन्याच उंचीला राहतात आणि पाणी मेम्ब्रेनवर साचतं. स्पाउट मेम्ब्रेनच्या पातळीला फोडून घ्या. सोलरचे पाय नंतर काँक्रीट ठोकळ्यांवर ठेवा, बोल्ट मारू नका.

केव्हीए_वाला
पंख्यांपासून सुरू करा. जुना ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० चा. वर्षाला २,००० तास धरले तर पंख्यामागे ९० युनिट वाचतात, म्हणजे ६० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. चोकवाल्या ट्यूब काढून एलईडी लावाल तेव्हा विजेच्या पॅनेलमधले फिक्स कपॅसिटरही तपासा; चोक-मोटरमुळे घसरणारा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी कामी येणारा भाग) सावरायला ते बसवलेले असतात. लोड उतरला आणि कपॅसिटर तेवढेच राहिले की पॉवर फॅक्टर लीडिंगला, म्हणजे उलट बाजूला, जातो. बिल केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरही धरणाऱ्या युनिटवर) असेल तर बचत तिथेच गळते. एपीएफसी पॅनेल (लोडप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारं-तोडणारं) घ्या, छोट्या स्टेप्सचं.

स्थावर_विभाग
धन्यवाद. पश्चिमेच्या काचांना फिल्म चालेल? आणि जुने एसी बायबॅकला (नव्याच्या बदल्यात विक्रेत्याला) द्यावेत का?

गॅस_चार्जिंग
फिल्मने थोडं भागतं, पण ऊन काचेबाहेरच अडवलेलं बरं. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, आडवा छज्जा पुरत नाही. उभे फिन (खिडकीबाहेरच्या उभ्या पट्ट्या) किंवा जाळी लावा.

एसीबाबत मात्र काटेकोर राहा. एक किलो आर-२२ हवेत गेला की सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वाढते, म्हणजे अडीच हजार युनिट विजेएवढं! पंप-डाउन केलं (काढण्याआधी एसी चालवून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढला) म्हणून गॅस वाचला असं नाही. तो आउटडोअरच्या कंडेन्सरमध्ये जमा होतो आणि भंगारवाला तांब्यासाठी नळी कापतो तेव्हा फुस्सकन जातो. रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घेणं आणि सिलिंडरचं आधी-नंतरचं वजन नोंदवणं, ही अट टेंडरमध्येच घाला. नवे आर-३२ गॅसचे इन्व्हर्टर एसी घेताना जुनंच टनेज (थंड करण्याची क्षमता) लिहू नका. गच्ची झाल्यावर हीट लोड (खोलीतून काढावी लागणारी उष्णता) नव्याने काढा. वरच्या मजल्यावर दोन टनाच्या जागी दीड टन पुरण्याची बरीच शक्यता आहे.